ध्रुवप्रदेशाची राखण आणि भारत

(भातकुली येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणावरून)

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचे मोल कोणास शिकवावे लागत नाही. भातकुलीच्या शिवारात विहिरीला पाणी लागते, पण ते खारे असते. तेच पाणी वर्षानुवर्षे काळ्या चिकण जमिनीला दिले की तिच्यात क्षार साठतात, तिचा पोत बिघडतो आणि निचरा मंदावतो. बिघाडाला थोडे हंगाम पुरतात. सुधारणेला मात्र फार काळ जावा लागतो. ध्रुवप्रदेशाचा विषय वऱ्हाडात काढावयाचा तर तो येथूनच काढणे सोयीचे. कारण पृथ्वीवरील गोड्या पाण्याचा सुमारे 70 टक्के साठा दक्षिण ध्रुवाभोवतीच्या अंटार्क्टिका खंडावर बर्फरूपाने आहे, आणि तेथे झालेली हानी भरून येण्याची गती खारपाणपट्ट्याहूनही मंद आहे.

हे खंड भारताच्या चौपटीहून मोठे आहे. त्यातील बर्फमुक्त भूमी एक टक्काही नाही. शेवाळ, दगडफूल, पक्ष्यांच्या वसाहती आणि माणसांची संशोधन केंद्रे या सर्वांची दाटी त्या तुटपुंज्या जागेवर झालेली आहे. शेवाळावर उमटलेले पाऊल अनेक दशके मिटत नाही. म्हणूनच तेथील नियम वरकरणी अतिरेकी वाटावेत इतके कडक आहेत. बर्फावरील गाड्या ओढणारे कुत्रेदेखील 1994 पर्यंत तेथून हलविण्यात आले. बुटाला चिकटून परकी माती जाऊ नये म्हणून बूट स्वच्छ करावे लागतात. भातकुलीच्या काळ्या मातीला तेथे प्रवेश नाही!

आता मालकीचा प्रश्न. गावची ई-क्लास जमीन कोणा एकाची नसते आणि म्हणूनच तिच्यावर अनेकांचा डोळा असतो, हे पंचायतीत बसणाऱ्यांना ठाऊक आहे. अंटार्क्टिकाची स्थिती याहून निराळी नव्हती. ब्रिटन, फ्रान्स, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अर्जेंटिना आणि चिली या सात देशांनी तेथे हक्क सांगितले होते. त्यांतील तिघांचे हक्क तर एकाच भूभागावर परस्परांवर चढलेले होते. 1 डिसेंबर 1959 रोजी बारा राष्ट्रांनी करार केला आणि तो 1961 मध्ये अमलात आला. लष्करी हालचाली व अणुस्फोट यांना बंदी झाली आणि संशोधनास सर्वांना मोकळीक मिळाली. हक्कांचे काय? ते कोणी सोडले नाहीत, कोणी मान्यही केले नाहीत. ते जसेच्या तसे गोठवून ठेवण्यात आले. वाद न मिटविता कामकाज चालू ठेवण्याची ही युक्ती तलाठी कार्यालयातही कौतुकाचा विषय ठरावी.

भारत त्या बारांत नव्हता. उलट 1956 मध्येच अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे आणावा, असा प्रस्ताव भारताने मांडला होता. 1958 मध्ये तो पुन्हा मांडला. दोन्ही वेळा काही निष्पन्न झाले नाही. पुढे 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकावर उतरली. याच सुमारास करारातील राष्ट्रांनी तेथील खनिजांविषयी वाटाघाटी आरंभल्या होत्या. ऑगस्ट 1983 मध्ये भारत करारात सामील झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याला निर्णयाधिकार असलेल्या राष्ट्रांत स्थान मिळाले. बाहेर राहून जे साधले नाही ते आत जाऊन साधावयाचे, हा त्यामागील हिशेब असावा.

1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला होत. ज्या औंध संस्थानाने 1939 मध्ये ग्रामपंचायतींच्या हाती सत्ता सोपविणारी राज्यघटना स्वीकारली, त्याच संस्थानिक घराण्यातील त्या होत, ही गोष्ट पंचायत सदस्यांना आवडेल. त्याच मोहिमेत उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र पुढे बर्फाखाली दबत गेले आणि 1990 मध्ये त्याचा वापर थांबवावा लागला. नंतरचे ‘मैत्री’ खडकाळ भूमीवर आहे आणि त्याची तहान ‘प्रियदर्शिनी’ या एका सरोवरावर भागते. एकाच गोड्या पाणवठ्यावर विसंबून असणारी वस्ती सांडपाणी व तेल यांबाबत किती सावध असली पाहिजे, हे खारपाणपट्ट्यात विशद करण्याची गरज नाही.

खनिजांच्या वाटाघाटींतून 1988 मध्ये एक मसुदा तयार झाला. त्यात खाणकामाला बंदी नव्हती, केवळ नियमन होते. दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलिया व फ्रान्स यांनी त्यास नकार दिला आणि मसुदा बारगळला. त्याच जागी 4 ऑक्टोबर 1991 रोजी माद्रिद येथे पर्यावरण संरक्षणाचा जोडकरार झाला. तो 1998 मध्ये अमलात आला. त्याने वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांसंबंधी सर्व कामांना मनाई केली. ही बंदी 2048 मध्ये संपते, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. 2048 पासून निर्णयाधिकार असलेल्या कोणत्याही राष्ट्राला फेरविचाराची परिषद मागता येईल, एवढेच. तीतील दुरुस्ती अमलात येण्यास 1991 मध्ये निर्णयाधिकार असलेल्या सर्व राष्ट्रांची मान्यता लागेल आणि त्यांत भारतही आहे. मात्र बंदी उठविणारी दुरुस्ती मंजूर होऊन तीन वर्षांत अमलात आली नाही, तर करारातून बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. राखणीचे कुंपण पक्के आहे, पण त्याला फाटक आहे.

भारताच्या कामाचीही छाननी झाली. 2012 मध्ये सुरू झालेल्या ‘भारती’ केंद्रासाठी लार्समन टेकड्यांचा नाजूक परिसर निवडला गेला, तेव्हा पर्यावरणावरील परिणामांचा सविस्तर अहवाल इतर राष्ट्रांपुढे ठेवावा लागला. 134 मालपेट्या जोडून ते उभारले आहे, जेणेकरून पुढे उचलून परत आणता यावे. 2022 मध्ये संसदेने भारतीय अंटार्क्टिक कायदा संमत केला. त्यामुळे परवाना, तपासणी आणि शिक्षा यांना देशांतर्गत आधार मिळाला.

उत्तर ध्रुवाकडे अशी व्यवस्था नाही. तेथे मध्यभागी समुद्र आहे आणि भोवती सार्वभौम राष्ट्रे. तेथे 2008 पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे, तर आर्क्टिक परिषदेत 2013 पासून भारत केवळ निरीक्षक आहे. तरीही वऱ्हाडाचा संबंध त्याच समुद्राशी अधिक जवळचा असू शकेल. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांच्यात संबंध असण्याची शक्यता दाखविली आहे. सप्टेंबरात सोयाबीनच्या शेंगा भरलेल्या असतात आणि कपाशीला बोंडे लागत असतात.

दक्षिणेकडील भूमीची राखण झाली, तरी भोवतालच्या समुद्राचे भांडण चालूच आहे. देवमासे, सील आणि पेंग्विन ज्यावर जगतात त्या क्रिल नावाच्या कोळंबीसदृश जीवाची तेथे मासेमारी होते. 2016 मध्ये रॉस समुद्राचा मोठा भाग संरक्षित झाला. पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्र यांनाही तसेच संरक्षण द्यावे, या प्रस्तावांना 2021 मध्ये भारताने पाठिंबा जाहीर केला. परंतु तेथे निर्णय सर्वसंमतीनेच होतात. ज्या नियमाने इतकी वर्षे खाणी रोखल्या, त्याच नियमाने येथे संरक्षण अडले आहे. ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे दरवर्षी भरणाऱ्या बैठकीत 2024 पर्यंत रशिया व चीन यांचा होकार मिळालेला नव्हता.