झाकण पडलेलं खोरं

अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण कारभारी निवडून आलेले. हे खोरं डोंगरांच्या मधोमध. हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते आणि वर उबदार हवेचा थर येतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. मग गाड्यांचा नि शेगड्यांचा धूर खालीच कोंडतो. समोरचा डोंगर दिसेनासा होतो, मुलांना मधल्या सुट्टीत वर्गातच बसवतात, लाकडं जाळायला बंदी येते.

त्याच डोंगरातल्या लिटल कॉटनवुड दरीत बर्फावर घसरायला जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. राज्याच्या वाहतूक खात्यानं २०२३ मध्ये ती कमी करायला रोपवेच्या बाजूनं निर्णय दिला. काउंटी परिषदेनं मात्र आदल्याच वर्षी विरोधाचा ठराव केला होता.

राज्याचं जमिनीचं भांडण वेगळंच. राज्यातली साठ टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची. ती आम्हाला द्या, असा कायदाच २०१२ मध्ये विधिमंडळानं केला. जमीन काही हाती आली नाही.

आणि राज्यातला आणखी एक वाद मेडिकेडचा. ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. २०१८ मध्ये मतदारांनी तिच्या विस्ताराला कौल दिला, विधिमंडळानं २०१९ मध्ये त्याला कात्री लावली. पूर्ण विस्तार सुरू व्हायला जानेवारी २०२० उजाडलं.