दापोलीचे शफी इनामदार



'इनामदार' या आडनावावरून माणसाचा धर्म ओळखता येत नाही. इनाम जमीन ज्याला मिळाली तो इनामदार. त्यात ब्राह्मण आले, मराठे आले, मुसलमान आले. आपल्याकडे मुसलमान देशमुख आहेत, मुसलमान पाटीलही आहेत. आडनाव जमिनीतून आलं, नाव घरातून आलं आणि दोन्ही एकाच माणसाला चिकटली. शफी इनामदार हे असंच एक नाव. आज मी तुमच्याशी या नटाबद्दल बोलणार आहे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरुण श्रोत्यांना कदाचित चेहरा आठवणार नाही, पण त्यांच्या आईवडिलांना विचारा.

१९८४ साल. जुलै महिन्यात दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली आणि त्याच वर्षी आली 'ये जो है जिंदगी'. कुंदन शाह हे तिच्या दिग्दर्शकांपैकी एक, लेखन शरद जोशींचं. हे शरद जोशी म्हणजे हिंदीतले व्यंगकार, आपले शेतकरी नेते नव्हेत. यवतमाळात तेव्हा टीव्ही मोजक्या घरी. शुक्रवारी रात्री ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या घरी अख्खा मोहल्ला. पडद्यावर चित्रापेक्षा मुंग्या जास्त, पण तक्रार कोणाचीच नाही. एक नवरा, एक बायको आणि त्यांच्याकडे मुक्काम ठोकून बसलेला बायकोचा भाऊ, एवढंच ते घर. नवरा रणजित वर्मा म्हणजे शफी इनामदार, बायको रेणू म्हणजे स्वरूप संपत, मेहुणा राजा म्हणजे राकेश बेदी. आणि सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन हजर.

माझ्या दादीला कोणीतरी सांगितलं की हा रणजित खरा शफी आहे, आपल्यातलाच. तिने विचारलं, "मग बिचाऱ्यानं नाव का बदललं?" नाटकातलं नाव आणि खरं नाव यांतला फरक तिला समजावताना आम्हा पोरांची पुरेवाट झाली. शेवटी ती म्हणाली, "काही का असेना, पोरगा घरंदाज आहे." नटाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं, मला ठाऊक नाही.

त्या मालिकेत हशा वसूल करायची कामं इतरांकडे होती. सतीश शाह वेशांतर करून हसवायचे, टिकू तलसानिया साहेब होऊन ओरडायचे, राजाचे घोटाळे तर रोजचेच. रणजितच्या वाट्याला काय? ऐकून घेणं. समोरचा बोलत असताना शफींचा चेहरा पाहावा. भुवई जरा वर, ओठांवर येऊ घातलेलं हसू आवरलेलं, आणि मग एखादंच वाक्य, तेही खालच्या सुरात. विनोदी नट पुष्कळ असतात. दुसऱ्याचा विनोद नीट उतरावा म्हणून खांब होऊन उभा राहणारा नट दुर्मीळ. नमन काळातली मृदंगाची साथ आणि मुख्य गाण्यातली साथ यांत फरक असतो ना, तसं हे दुसऱ्या प्रकारचं काम होतं.

हे कसब रंगभूमीवरून आलं. शफींचा जन्म २३ ऑक्टोबर १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातला. तिथला मुसलमान घरीदारी कोकणी वळणाची बोली बोलतो. आमच्या वऱ्हाडात चित्र निराळं. दिग्रस, पुसद, उमरखेडच्या मुसलमानाची घरची बोली दखनी-उर्दू आणि बाजारातली वऱ्हाडी मराठी. दोघंही मराठी मुलखातलेच, पण भाषेच्या वाटा वेगवेगळ्या. शफी मुंबईत शिकले आणि गुजराती, हिंदी, मराठी अशा रंगमंचांवर वावरले. एका भाषेतून दुसरीत जाताना त्यांना चप्पल काढावी लागत नसे. माझ्यासारख्याला आजही एखाद्या काव्यवाचनानंतर कोणी कौतुकाने विचारतं, "तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता हो?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. म्हणूनच तर उत्तर सुचत नाही.

चित्रपटात ते दिसले १९८२ च्या 'विजेता'मध्ये, पण लक्षात राहिले १९८३ च्या 'अर्धसत्य'मुळे. दोन्हींचे दिग्दर्शक गोविंद निहलानी. 'अर्धसत्य' हिंदी खरा, पण त्याची नाळ मराठी. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि ज्या कवितेवरून नाव आलं ती दिलीप चित्रे यांची. ओम पुरीचा अनंत वेलणकर आतून जळत असतो. त्याच्या शेजारी शफींचा इन्स्पेक्टर हैदर अली. हैदर अलीला खातं कसं चालतं ते पक्कं ठाऊक आहे. वेलणकर चौकशीत अडकला की वरच्या ओळखींची वाट दाखवणारा तोच. तो संत नाही आणि खलनायकही नाही. कनिष्ठावर जीव असलेला, नोकरी सांभाळून असलेला एक माणूस. मला विशेष वाटतं ते हे की, त्याचं मुसलमान असणं कथेत कुठेही 'मुद्दा' होत नाही. त्याला देशभक्ती सिद्ध करावी लागत नाही, शेरवानी घालून शेर म्हणावे लागत नाहीत. मुंबई पोलिसांतला एक अधिकारी, नाव हैदर अली, बस्स. हिंदी सिनेमात असं पात्र तेव्हाही विरळ होतं, आजही विरळ आहे.

त्यानंतर सिनेमावाल्यांनी पुष्कळदा त्यांना खाकी चढवली, नाहीतर वकिलाचा काळा कोट. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पोटासाठीची कामं सगळेच करतात.

मला सांगायचं आहे ते 'मिर्झा गालिब'बद्दल. १९८८ सालची गुलजारांची मालिका. नसीरुद्दीन शाह गालिब, संगीत जगजीत सिंगांचं. सगळा देश गालिबच्या प्रेमात पडला. त्यात शफींच्या वाट्याला आला शेख इब्राहिम जौक, बादशहा जफरचा उस्ताद, गालिबचा प्रतिस्पर्धी. अशी भूमिका नटाला सहज खड्ड्यात घालते. प्रेक्षक आधीच गालिबच्या बाजूने बसलेला, म्हणजे जौक मत्सरी, कोता, दरबारी दाखवला की काम सोपं. शफींचा जौक तसा नाही. तो आपली पायरी ओळखून आहे, ती गमवायची त्याला भीती आहे आणि समोरच्याचा शेर ऐकताना त्याला कळतं की हा मोठा कवी आहे. कळणं आणि कबूल न करणं हे एकाच चेहऱ्यावर दाखवायचं म्हणजे कठीण काम. मी कवी असल्यामुळे असेल, मला गालिबपेक्षा तो चेहरा जवळचा वाटतो. आपल्यापैकी बहुतेक जण गालिब नसतात. मैफलीत दुसऱ्याची ओळ ऐकून पोटात खड्डा पडतो आणि तोंडाने 'वाह' म्हणावं लागतं, हे मी जिल्ह्यातल्या प्रत्येक कवीच्या वतीने सांगू शकतो.

खऱ्या जौकलाही नंतरच्या काळाने जरा कमीच मोजलं. गरीब शिपायाचा हा मुलगा स्वतःच्या बळावर उस्तादपदाला पोचला होता. तो १८५४ साली गेल्यावर बादशहाचं ते उस्तादपद गालिबकडे आलं. मुहम्मद हुसेन आझाद या शिष्याने 'आब-ए-हयात' या ग्रंथात त्याला डोक्यावर घेतलं, तेही अंमळ जास्तच. शफींनी मात्र ना डोक्यावर घेतलं, ना पायदळी तुडवलं.

आता त्यांच्या घराबद्दल. त्यांच्या पत्नी भक्ती बर्वे. १९७५ साली पुलंच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा उभी करणाऱ्या, मुंबई दूरदर्शनवरून घराघरांत पोचलेल्या. बोली सुधारली म्हणजे माणूस सुधारतो का, हा त्या नाटकाचा प्रश्न. वऱ्हाडीत बोललं की पुण्या-मुंबईकडची मंडळी गालात हसतात हे अनुभवलेल्या आपल्याला तो नीट कळतो. आणि त्या मंजुळेच्या घरी चार भाषांतला हा माणूस. या लग्नाचा हिंदू-मुस्लिम ऐक्याचा नमुना म्हणून कोणी उल्लेख केला की मला अवघडल्यासारखं होतं. दोन कसलेले नट, दोघांची नाटकाची ओढ एक, एवढं पुरेसं नाही का?

१९९५ साली शफींनी 'हम दोनों' दिग्दर्शित केला, ऋषी कपूर आणि नाना पाटेकर यांना घेऊन. कॅमेऱ्यामागची नवी वाट नुकती उघडली होती. पुढच्या वर्षी, १३ मार्च १९९६ ला, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत-श्रीलंका विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. भारताचा डाव कोसळला, प्रेक्षक बिथरले, सामना श्रीलंकेला बहाल झाला. त्या दिवशी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने शफी इनामदार गेले. वय अवघं पन्नास. दुसऱ्या दिवशी देश सामन्याबद्दलच बोलत होता.

भक्तीताईही फार राहिल्या नाहीत. १२ फेब्रुवारी २००१ ला वाईहून मुंबईकडे परतताना द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला.