‘सँक्शन’ : एका शब्दाचे दोन चेहरे
(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आज मी इंग्रजीतल्या एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘सँक्शन’. विहिरीची फाईल सँक्शन झाली, बँकेचे कर्ज सँक्शन झाले, शाळेला शिक्षकाचे पद सँक्शन झाले, असे आपल्या नगर जिल्ह्यातला शाळेत न गेलेला शेतकरीसुद्धा सहज बोलतो. सँक्शन म्हणजे मंजुरी. शब्द कानी पडताच घरात आनंद होतो.

आता याच शब्दाचा दुसरा चेहरा पाहा. ११ व १३ मे १९९८ रोजी भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या आणि अमेरिकेने भारतावर ‘सँक्शन्स’ जाहीर केल्या. मदत व कर्जे रोखली गेली, तंत्रज्ञानावर बंधने आली. मराठी वृत्तपत्रांनी त्यांना ‘निर्बंध’ म्हटले. परंतु ज्याला केवळ फाईलवाला अर्थ ठाऊक, त्याने तीच बातमी इंग्रजीत वाचली तर? अमेरिकेने आपल्याला मंजुरी दिली, असे समजून तो पेढेच वाटायचा!

एकाच शब्दात परवानगी आणि शिक्षा कशी मावली? मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे पवित्र करणे, मोडता येणार नाही असे ठरविणे. ‘सेंट’ म्हणजे संत, हा शब्दही त्याच कुळातला. कायदा मोडणाऱ्याला कोणती शिक्षा, हे सांगणाऱ्या कलमाला रोमन लोक याच कुळातले नाव देत. कायद्याने मान्य केले ती मंजुरी आणि कायदा मोडल्यावर भोगावा लागतो तो दंड, अशा दोन फांद्या एकाच खोडाला फुटल्या.

आपल्याला हे नवे वाटायला नको. ‘हराम’ म्हणजे निषिद्ध, हे सर्वांना माहीत आहे. तरी मक्केच्या पवित्र मशिदीचे नाव ‘मस्जिद-उल-हराम’ आहे. जिची मर्यादा ओलांडायची नाही, ती जागा पवित्र आणि जी ओलांडायची नाही, ती गोष्ट निषिद्ध. मराठीतला ‘अपरोक्ष’ घ्या. वेदान्तात त्याचा अर्थ प्रत्यक्ष. बोलण्यात मात्र ‘त्याच्या अपरोक्ष’ म्हणजे त्याच्या पाठीमागे. घरी आपण ‘कल’ म्हणतो, तो गेलेला दिवसही असतो आणि येणाराही. तरी कोणी गोंधळत नाही, कारण पुढचे क्रियापद ‘आया था’ आहे की ‘आएगा’, हे आपण ऐकतो.

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी वाचतानाही हाच कान ठेवा. ‘सँक्शन्स’ असे अनेकवचन असेल आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ आले, तर बहुधा निर्बंध समजावेत. एकवचन असून पुढे ‘ऑफ’ किंवा ‘फॉर’ असेल, तर बहुधा मंजुरी. तरीही सावध असावे. सरकारी सेवकावर त्याच्या अधिकारातील कामाबद्दल खटला चालविण्यास अनेकदा सरकारची पूर्वमंजुरी लागते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आहे. तेथेही शब्द ‘सँक्शन’च. ती मंजुरी खरी, परंतु खटल्यासाठी! ‘सँक्शन मिळाली’ ही बातमी एकाला दिलासा देते, तर दुसऱ्याची झोप उडवते.

हे एवढ्यासाठी सांगतो की, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी इंग्रजी कागद वाचणारे पहिले माणूस तुम्हीच आहात. बँकेचे पत्र आले की वडील ते तुमच्या हाती देतात. वर ‘सँक्शन’ दिसले म्हणून तेथेच थांबू नका. सँक्शन झाले म्हणजे पैसे हाती आले असे नव्हे. खाली व्याजाचा दर असतो, मुदत असते, अटी असतात, हप्ता चुकल्यास भरावयाचा दंड असतो. म्हणजे त्या एका कागदातच शब्दाचे दोन्ही चेहरे असतात. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, घरच्यांना नीट समजावून सांगा आणि मगच वडिलांना सही करू द्या. शब्दकोश शब्दाचे सगळे अर्थ देतो. त्यांतला आपल्या कामाचा कोणता, हे वाक्य सांगते.