शेडचे खांब आणि माझी एक चूक
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, असा मला आग्रह झाला. गोड आठवणी बाकीचे सांगतीलच. मी एक कडू आठवण सांगणार आहे, कारण तिचा उपयोग होईल.

जुन्या सभासदांना आपली पहिली पार्किंग शेड आठवत असेल. तेव्हा मी खजिनदार होतो. तीन कोटेशनं आली. सर्वांत कमी दराचं मी उचलून धरलं आणि सभेत टाळ्याही घेतल्या. दोन कोटेशनांत फरक फक्त पायाचा होता. महागवाला म्हणत होता, खड्डा मुरमापर्यंत न्या. स्वस्तवाला म्हणाला, "साहेब, पत्र्याला कसलं वजन? एक फूट बाय एक फूट, दीड फूट खोल. पाईप उभा करायचा, काँक्रीट ओतायचं, झालं." मला पटलं. बँकेत जन्मभर तारण बघून कर्ज दिलं, पण इथे तारण न बघताच सही केली.

सहाव्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी वळवाचं वादळ आलं आणि शेड उडाली. चार खांब काँक्रीटच्या गोट्यासकट उपसून आले आणि दोन जमिनीलगत मोडले. रोज तिथे खेळणारी मुलं थेंब पडू लागले म्हणून आयांनी घरात बोलावली होती. तेवढ्यावर निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर मी हा विषय समजून घेतला. हिशेब साधा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ४७ किलोचा दाब देतो. आपल्या एका खांबाच्या वाट्याला १४ चौरस मीटर पत्रा होता, म्हणजे साडेसहाशे किलोंच्या आसपास जोर! उघड्या शेडमध्ये वारा खालून शिरतो आणि छत वर उचलतो. खाली आपलं काँक्रीट किती? दीड घनफूट, म्हणजे जेमतेम १०० किलो. पत्र्याला वजन नसतं हे खरं, आणि म्हणूनच तर त्याला खाली धरून ठेवायला पाया जड लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मे महिन्यात ती काँक्रीटपासून सुटलेली असते, तिची पकड राहत नाही. आणि वळवाचं वादळ नेमकं तेव्हाच येतं! अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेले पाइल विकसित केले. ते माती हलत नाही त्या खोलीपर्यंत नेतात. आपल्याकडे सुदैवाने चार फुटांवरच मुरूम लागतो.

तिसरी गोष्ट गंजाची. मोडलेल्या पाईपचा रंग वर शाबूत होता आणि जमिनीत गाडलेला भागही बरा होता. पापुद्रा झाला होता तो मधला, जमिनीच्या रेषेवरचा भाग. पाणी आणि हवा दोन्ही तिथे भेटतात. लाकूडही तिथेच कुजतं. आपल्या जुन्या वाड्यांत खांब मातीत गाडत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत, तो याचसाठी.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बँकेच्या कामाने मी त्या भागात फिरलो. दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या होत्या, पण काही माळवदं लाकडी खांबांवर तशीच तोललेली होती. खांबाने माणसं वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही दहा वर्षांनी मी खांबावरच काटकसर केली, हे माझ्या जिवाला लागलं.

आताची शेड आपण कशी बांधली ते नव्या सभासदांना माहीत असावं. अडीच फूट बाय अडीच फूट, चार फूट खोल, मुरमावर टेकलेला खड्डा. त्यात पंचवीस घनफूट काँक्रीट, म्हणजे सुमारे १.७ टन. वर जमिनीपासून फूटभर उंच पेडेस्टल, माथ्याला चारी बाजूंनी उतार, म्हणजे पाणी साचत नाही. त्यावर बेस प्लेट आणि चार फाउंडेशन बोल्ट. लोखंड मातीला कुठेही लागत नाही. खांब खराब झालाच तर बोल्ट सोडून बदलता येतो, खड्डा उकरावा लागत नाही.

आता याच शेडवर सोलर पॅनेल बसवायचा ठराव पुढच्या सभेत आहे. माझा पाठिंबा आहे. पण वजन वाढेल आणि वारा धरणारी बाजूही बदलेल. म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून पाया तपासून घ्या, लेखी घ्या, मगच दर बघा. आणि दरवर्षी अक्षयतृतीयेच्या सुमारास एक छोटी हातोडी घेऊन प्रत्येक खांब तळाशी वाजवा. ठणठणीत वाजला तर ठीक. भद्द आवाज आला तर सेक्रेटरींना गाठा. गेली काही वर्षं हे काम मी गुपचूप करतोय. आता गुडघे वाकत नाहीत. बालमित्रांपैकी कुणी हातोडी घ्यायला तयार असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा.