मटणाचं की दुधाचं?

ठाण्यात आमच्या शेजारी एक तरुण बेने इस्राएल जोडपं नवं बिऱ्हाड थाटत होतं. भेट म्हणून मी कोरं पातेलं नेलं. मुलीनं विचारलं, "चाचा, हे मटणाचं की दुधाचं?"

त्यांच्या धर्मात दोन्ही एकत्र चालत नाही. म्हणून भांडी वेगळी, फळ्या वेगळ्या. मटणाच्या रश्शाला मात्र नारळाचं दूध चालतं. कोकणानं तेवढी सोय केलीय! दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा बसवला होता. आत तोराहमधली वचनं.

१९४८ नंतर अशी कितीतरी कुटुंबं इस्राएलला गेली. लहानपणी मी त्यांचं सामान बांधताना पाहिलं होतं. मांडताना आज पहिल्यांदाच पाहत होतो.

म्हणालो, "बेटी, हे मटणाचं. दुधाचं उद्या आणतो."