ज्याचे श्रेय त्याला द्यावे



मंडळाच्या वर्धापनदिनी मला चार शब्द बोलायला सांगितले, हा मी माझा मान समजते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठ्या गोष्टी न बोलता रोज आपण मोबाईलवर जे व्हिडिओ पाहतो, त्यांविषयीच बोलते.

दुपारची आवराआवर झाली की आपण कोणाची भाजी पाहतो, कोणाचे विणकाम, कोणाचा नाच. पाहणे फुकट असते; करणारीचे कष्ट मात्र फुकट नसतात.

अमेरिकेत अटलांटा शहराजवळ राहणारी जलाया हार्मन ही १४ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. २०१९ च्या सप्टेंबरात तिने एक नाच बसवला आणि इंटरनेटवर घातला. ‘रेनेगेड’ या नावाने तो टिकटॉकवर जगभर गेला. ज्यांना आधीच मोठा प्रेक्षकवर्ग होता, अशा दुसऱ्या मुलींचे त्यावर नाव झाले. जलायाचे नाव कोणी घेईना. २०२० च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिची हकीकत छापली, तेव्हा कुठे शिकागोच्या मोठ्या बास्केटबॉल सामन्यात तिला नाचण्याचा मान मिळाला. पुढे २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या पुष्कळ कृष्णवर्णीय कलावंतांनी एका नव्या गाण्यावर नाच बसवायचेच नाकारले. नाच आमचा आणि श्रेय दुसऱ्याला, अशी त्यांची तक्रार होती.

कोणी म्हणेल, नाव नाही घेतले तर काय बिघडले? भगिनींनो, नावाबरोबर पोटही आहे. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले शंभरातले ५५ रुपये यूट्यूब करणारीला देते. पण त्यासाठी तिच्याकडे आधी १००० सभासद आणि वर्षभरात ४००० तासांचे पाहणे जमावे लागते. आपण तिचा व्हिडिओ उतरवून घेऊन व्हॉट्सॲपवर धाडला, तर ते पाहणे तिच्या हिशेबात येतच नाही.

बायकांच्या कामाला नाव न लागणे आपल्याला नवे नाही. जात्यावरच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी रचल्या; रचणारीचे नाव कुठे आहे? म्हणूनच हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बायकांची नावे, गावे नोंदवली, याचे मला फार मोल वाटते.

मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. व्हिडिओ पाठवायचा तर त्याची लिंक पाठवावी. हळदीकुंकवाला कोणाचा पाहून नाच बसवला, तर आधी तिचे नाव सांगावे. आणि आपल्या लेकीसुना व्हिडिओ करू लागल्या, तर त्यांच्या बोलीला, रंगाला, साध्या ओट्याला हसू नये; कौतुकाचे दोन शब्द लिहावेत.

शेजारच्या घरून वाटीभर भाजी आली, तर ती आपली म्हणून आपण पानात वाढत नाही. अमकीने दिली, असे सांगूनच वाढतो. तीच रीत इथेही पाळू या.