संगणकातील गाळे : सी ड्राइव्हची जागा वाढविताना

(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिर, अंबाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकावर बोला, असे मला सांगण्यात आले. विषय अफाट आहे. मी एकाच अडचणीवर बोलणार आहे, कारण ती मला घराघरांतून विचारली जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरलेले असतात. मुलगा जातीचा दाखला स्कॅन करून ठेवायला जातो आणि पडद्यावर सूचना येते, सी ड्राइव्हमध्ये जागा नाही. त्याच संगणकात डी ड्राइव्ह मात्र तीनशे जीबी रिकामा! मग प्रश्न येतो, "काका, रिकामी जागा असून वापरता का येत नाही?"

भिवंडीकडे जाताना आपण गोदामे पाहतो. वर पत्रा एकच, पण आत भिंती घालून गाळे पाडलेले असतात. एका गाळ्यात माल छताला लागला आणि शेजारचा गाळा ओस पडला, तरी मधली भिंत आपोआप सरकत नाही. तुमच्या संगणकातील डिस्क हे असे गोदाम आहे. सी, डी, ई हे तिचे गाळे. कोणता गाळा कुठून कुठपर्यंत, याचा नकाशा डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो.

हे गाळे पाडले कोणी? बहुधा संगणक जोडून देणाऱ्याने. त्यालाही कारण होते. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीत एका भागाला २ जीबीच्या पलीकडे जाता येत नसे. ४ जीबीची डिस्क आणली तरी तिचे तुकडे करावेच लागत. १९९६ मध्ये नवी पद्धत आली, मर्यादा उठली, पण सवय राहिली. त्या सवयीने कित्येक घरांत सी ड्राइव्ह ५० जीबीचा निघतो. विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते. तेव्हा ५० चा गाळा कसा पुरणार? (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची होती, म्हणजे जेमतेम दहा हजार अक्षरे. आज मोबाइलवर येणारे 'शुभ सकाळ'चे चित्रसुद्धा तिच्यात मावले नसते!)

आता भिंत कशी सरकवायची ते पाहू. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी टिचकी मारली की 'डिस्क मॅनेजमेंट' दिसते. ते उघडा म्हणजे खाली तुमच्या गोदामाचा नकाशा येईल. तेथे 'श्रिंक' म्हणजे गाळा आखडणे आणि 'एक्सटेंड' म्हणजे वाढविणे. आपली मुले हुशार. ती डी आखडतात, शंभर जीबी मोकळे करतात, मग सी वर जातात, तर 'एक्सटेंड' फिकट पडलेले, दाबताच येत नाही. येथेच बहुतेक जण अडतात.

कारण साधे आहे. डी आखडला की तो मागच्या टोकाकडून आखडतो. मोकळी जागा पडते ती डी च्या पलीकडे. सी ला मात्र आपल्या उजव्या भिंतीला अगदी लागून असलेली मोकळी जागाच घेता येते. मध्ये डी उभा आहे, मग पलीकडच्या मैदानाचा सी ला काय उपयोग? कधी कधी सी आणि डी यांच्यामध्ये पाचशे-सहाशे एमबीचा एक लहानसा 'रिकव्हरी' भागही असतो. ती जणू वॉचमनची खोली. संगणक बिघडला तर दुरुस्तीचे सामान तिच्यात असते, म्हणून ती उगाच पाडू नये.

तेव्हा सरळ मार्ग असा : डी मधला सगळा माल बाहेरच्या डिस्कवर न्यायचा, डी काढून टाकायचा, सी वाढवायचा आणि उरलेल्या जागेत नवा डी बांधायचा. दुसरा मार्ग 'जीपार्टेड' या मोफत साधनाचा. ते पेनड्राइव्हवरून चालते आणि अख्खा डी मालासकट उजवीकडे सरकवते. पण त्याला काही तास लागू शकतात, आणि मध्येच वीज गेली तर? विजेचा भरवसा किती, ते तुम्ही जाणता. लॅपटॉपची बॅटरी किंवा इन्व्हर्टर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप असू शकते. तसे असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली आधी कागदावर उतरवून ठेवा.

मी स्वतः पहिला मार्ग घेतला आणि चुकलो. माझ्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर टिपल्या होत्या. आई गेल्यावर त्या डी ड्राइव्हवर ठेवल्या. जागा वाढविण्याच्या दिवशी फोटो हलवले, कागदपत्रे हलवली, पण 'नवीन फोल्डर' नावाचे एक फोल्डर रिकामे असेल असे समजून उघडलेच नाही. डी काढला, सी वाढवला, खूश झालो. संध्याकाळी बहीण आली आणि म्हणाली, "दादा, आईचा आवाज लाव ना."

डी काढला तेव्हा फक्त नकाशावरचे नाव पुसले गेले होते. माल जागेवरच होता. तिथेच हात आखडता घेतला असता तर तो परत मिळण्याची आशा होती. पण त्यानंतर मी विंडोजचे मोठे अपडेट उतरवले होते, आणि ते त्याच जागेवर लिहिले गेले. एकोणीस ओव्यांपैकी सात परत मिळाल्या. त्यांतल्या दोन अर्ध्यावर तुटतात.

म्हणून कोणी मला भिंत सरकवायला बोलावले की मी आधी विचारतो, प्रत कुठे आहे? ती दुसऱ्या डिस्कवर हवी, आणि त्यातल्या चार-पाच फाइल उघडून पाहिलेल्या हव्यात. दाखले, गुणपत्रिका, जातवैधता प्रमाणपत्र यांची आणखी एक प्रत दुसऱ्या कोणाच्या घरी असली तर फारच बरे.

आणि पुष्कळदा भिंतीला हात लावण्याची गरजच नसते. 'डॉक्युमेंट्स' फोल्डरच्या गुणधर्मांत 'लोकेशन' असते, तेथून ते डी वर हलवता येते. 'डाउनलोड्स' साफ करा. अर्ज भरायला दोनच दिवस उरले असतील तर एवढेच करा, बाकीचे सुट्टीत.

मघाशी एका विद्यार्थिनीने चिठ्ठी पाठवली : "१ टीबीची डिस्क घेतली, संगणकात ९३१ जीबीच दिसते, दुकानदाराने फसवले का?" नाही बेटा. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. माल तेवढाच, माप वेगळे.

ज्यांना आपल्या संगणकाचा नकाशा दाखवायचा असेल, त्यांनी पडद्याचा फोटो मोबाइलवर आणावा. जेवणानंतर मी बाहेर ओट्यावर बसलेला आहे. जयभीम.